नवख्यानं आधी बोलायचं

कण तीन मिलिमीटरचा झाला होता. भिंगाखाली तो उपड्या ठेवलेल्या पेल्यासारखा दिसत होता. आतून पोकळ, तोंडाशी रुंद, आणि अंगावर एकाखाली एक बारीक समांतर रेघा. रेणूनं श्वास रोखून धरला होता. तोंडातली वाफ लागली असती तर आठवडाभर वाढवलेला तो पेला डोळ्यांदेखत थेंब होऊन गेला असता.

“झालं का बाळ मोठं?” मागून नानांनी विचारलं.

तिनं मान हलवली, सुईच्या टोकानं कण डब्यात सोडला, डबा फ्रीजरमध्ये ढकलला आणि मगच श्वास सोडला. “झालंय. छान झालंय.”

“मग आता त्याला शाळेत घाल आणि माझं आइस्क्रीम आत ठेवू दे. लोकांच्या फ्रीजरमध्ये मटार असतो गं. आमच्या इथं डोंगर वाढायलेत.”

हैदराबादेत हिमायतनगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात फ्रीज जुना होता, भिंतींवर बर्फाचा भुगा धरणारा, आणि नेमक्या त्याच कारणासाठी रेणू तो बदलू देत नव्हती. भुगा खरवडून ती थर्मोकोलच्या डब्यात भरी. डब्याच्या तळाशी एक लहानशी गरम राहणारी पट्टी होती. तिची वायर फ्रीजच्या दाराच्या फटीतून बाहेर येई आणि नानांच्या पायात अडके. खालून ऊब आणि वरून गारठा मिळाला की बर्फातली वाफ वर सरकते, वाटेतल्या कणांना चिकटते, आणि साध्या गोल कणांचे असे पेले होतात. दिसायला देखणे, पण एकमेकांना धरून न राहणारे. मुठीत घेतले तर साखरेसारखे बोटांतून गळतात. डोंगरावर जमिनीलगत असा कच्चा थर तयार झाला आणि मग वाऱ्यानं त्यावर घट्ट बर्फाची लादी आणून बसवली, की वरून सगळं पांढरं, गुळगुळीत, निवांत दिसतं. कुणीतरी स्की घालून त्यावर उतरतं, खालची साखर बसते, आणि अख्ख्या उताराची लादी एकदम सुटते.

या थरांचा माग ठेवणं हे रेणूचं काम होतं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झाल्यावर काही वर्षं तिनं उपग्रहांनी घेतलेली चित्रं वाचली. गेले चार हिवाळे ती मनालीच्या पलीकडच्या एका खोऱ्यातल्या छोट्या संस्थेसाठी रोजचं हिमवृत्त लिहीत होती. ही मंडळी राखलेले, दोरखंड लावलेले उतार सोडून आडरानातल्या डोंगरांवर लोकांना स्की करायला नेत. डोंगरात रोवलेले खांब बर्फाचं तापमान आणि वारा कळवत. संस्थेचा मुख्य वाटाड्या हेमंत रोज बर्फात खड्डा खणून दुपारी फोनवर एकेक थर वाचून दाखवी. आणि रेणू पंख्याखाली बसून, उद्या कुठल्या उतारावर जाऊ नये ते लिही. खऱ्या बर्फात तिनं पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आधी आईचं आजारपण झालं, मग आई गेली, मग नानांच्या छातीत एकदा कळ येऊन गेली, आणि मग जायचं राहून जाण्याची सवयच झाली.

नाना म्हणजे रेणूचे वडील, हिम्मतराव. चाळीस वर्षं त्यांनी सुलतान बाजारात कापडाचं दुकान चालवलं. आता ते पुतण्या सुरेश बघे. दुकान सुटल्यापासून नाना रेणूचं हिमवृत्त रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचत, पूर्वी कापसाचे भाव वाचत तसंच. शनिवारी नारायणगुड्याहून त्यांची धाकटी बहीण गंगू पत्ते खेळायला येई. ती पत्ते चोरी, नाना ते बघत, आणि दोघांपैकी कुणीच त्याबद्दल बोलत नसे.

हेमंत या घरी एकदाच आला होता, गेल्या मे महिन्यात, स्कीचा हंगाम संपून डोंगर बंद असताना. उंच, उन्हानं रापलेला, चाळिशी ओलांडलेला, मूळचा नाशिकचा माणूस. जेवण झाल्यावर नाना म्हणाले, “तीन वर्षं ऐकायलो मी, थर, थर, थर. हे घसरणं म्हणजे असतं तरी काय?”

हेमंतनं रेणूकडून मोठं ताट मागून घेतलं. खाली साखर पसरली, वर मैदा घालून तळहातानं दाबून दाबून बसवला. मग ताट एका बाजूनं उचललं. काही झालं नाही. आणखी उचललं. तरी काही नाही.

“बघा, पक्कं आहे,” नाना म्हणाले, आणि पुढं वाकून त्यांनी मैद्याला बोट लावलं.

‘फस्स’ असा आवाज झाला आणि सगळी लादी त्यांच्या मांडीवर येऊन पडली.

“मी काही केलंच नाही!”

“असंच म्हणतात सगळे, नाना,” हेमंत शांतपणे म्हणाला.

गंगूआत्या हसून हसून खुर्चीवरून घसरली. नाना पायजमा झटकत राहिले; पण त्या दिवसापासून त्यांनी हेमंतला ‘बर्फवाला’ म्हणायचं सोडून नावानं हाक मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी रेणू हेमंतला सुलतान बाजारात घेऊन गेली. त्याला आईसाठी सुती लुगडं घ्यायचं होतं. परतताना आबिड्सच्या दिशेनं चालत असताना, एक ऑटो त्यांच्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर चढले, तिथं त्यानं विचारलं. काही प्रस्तावना नव्हती. “रेणू, लग्न करून माझ्याकडे येशील? हिमवृत्त तिथूनही लिहिता येईल.”

तिनं लुगड्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा तो म्हणाला, “डोंगराच्या कडेवर, उतार सुरू होतो तिथं, आमची एक रीत आहे. उतरायच्या आधी प्रत्येकानं बोलायचं. सगळ्यांत नवख्यानं आधी, सगळ्यांत जुन्यानं शेवटी. नाहीतर जुन्याचं ऐकून नवखा मान डोलावतो. आणि एकानंही ‘नको’ म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तुला नको म्हणायचं असेल तर नुसतं नको म्हण.”

“सांगते,” ती म्हणाली.

ते ‘सांगते’ अजून सांगायचं राहिलं होतं. पाऊस गेला, दिवाळी गेली, खोऱ्यात पहिला बर्फ पडला आणि दुपारचे फोन पुन्हा सुरू झाले. हेमंत थर वाचून दाखवी, ती प्रश्न विचारी. त्यानं तो विषय एकदाही काढला नाही. नानांनीही नाही. रेणू स्वतःला सांगे, नानांना सोडून कसं जायचं? ते कारण खरं होतं, पण अर्धंच. दुसरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बाकी बायका नवरा कामावर गेला की त्याचा डबा विसरला का एवढंच बघत असतील. तिला मात्र हेमंत रोज कशावर पाय ठेवतो ते मिलिमीटरपर्यंत माहीत होतं. कच्चा थर किती खोल आहे, त्याची वरची लादी किती जाड आहे, उतार किती अंशांचा आहे, हे सगळं. इतकं माहीत असताना हो म्हणायला एखादा पक्का पुरावा हवा, असं तिला वाटे, आणि तो कुठला असू शकेल हे तिला ठरवता येत नव्हतं.

या वर्षीचा बर्फ वाईट होता. डिसेंबरात थोडा पडला आणि थांबला. मग निरभ्र आभाळ आणि कडाक्याच्या रात्री; फ्रीजरमधल्या डब्यात होत होतं तेच सगळ्या खोऱ्यात झालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वादळ आलं, त्या साखरेवर जाड लादी बसली, आणि नंतर लख्ख ऊन पडलं. दिवसांमागून दिवस गेले, पण एकही उतार सुटला नाही. रेणू हिमवृत्तात लिहीत राहिली: ‘उतार शांत आहेत. यावरून ते पक्के आहेत असं समजू नये.’ नाना ते वाचून म्हणत, “रोज तेच लिहायलीस. भाव बदलेनात.”

त्या शनिवारी फोन नेहमीच्या वेळेच्या बराच आधी, सकाळीच आला. नाना आणि गंगूआत्या पत्ते वाटत होते.

“रेणू, आम्ही पाळण्याच्या कडेवर आहोत,” हेमंत म्हणाला. त्याच्यामागे वारा घोंघावत होता. डोंगराच्या दोन सोंडांच्या मधल्या खोलगट उताराला ही मंडळी पाळणा म्हणत. “वरच्या खांबाचं रात्रीचं तापमान हवंय. मला इथून दिसत नाहीये.”

तिनं आकडे सांगितले. “खड्डा कसा निघाला?”

“टपल्या मारल्या. मनगटापासून दहा, काही नाही. कोपरापासून दहा, काही नाही. खांद्यापासून मारल्या तेव्हा अगदी शेवटी तुटला. पण तुटला तो सुरीनं कापल्यासारखा.”

बर्फाचा खांब कोरून त्यावर फावडं ठेवायचं आणि हातानं टपल्या मारत जायचं, ही जुनी परीक्षा. उशिरा तुटला ही चांगली खूण. साफ तुटला ही वाईट. दोन्ही खुणा एकाच खांबात आल्या होत्या.

“सर, मग आता बोलायचं का सगळ्यांनी?” पलीकडून एका मुलीचा आवाज आला. ती अश्विनी, या वर्षीच शिकायला आलेली. “आधी मी ना? पण थांबा. रेणूताई तर अजून बर्फात उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत. म्हणजे माझ्यापेक्षा नवख्या त्याच! ताई, तुम्ही आधी!”

तिकडे हशा पिकला. हेमंतही हसला, मग त्याचा आवाज बदलला. “बरोबर आहे तिचं. तू फोनवर आहेस, म्हणजे कडेवर आहेस. बोल.”

फोन स्पीकरवर होता. नानांचा हात पत्त्यांवर थांबला. गंगूआत्यानंही मान वर केली.

रेणूनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं. चार वर्षांत तिनं शेकडो वेळा ‘धोका मध्यम’, ‘धोका बराच’ असं लिहिलं होतं. ते लिहिताना समोर माणसं नसत. आता सात जण तिथं उभे होते. उतारावर ऊन पडलं असणार. हो म्हणण्याजोगं काही मिळतं का, हे तिनं मनात दोनदा शोधलं.

“नको,” ती म्हणाली.



“पण का?” एक पुरुषी आवाज आला. तो विकास नावाचा पाहुणा होता. याच एका उतारासाठी तो वर्षभर थांबून आला होता. “चार-पाच दिवस काही झालेलं नाही. हैदराबादेत बसून त्यांना काय—”

“विकास, कारण विचारायचं नाही,” हेमंत म्हणाला. “चला, परत.” मग जरा जवळून, एकट्या तिच्यासाठी: “दुपारी बोलतो.”

फोन बंद होण्याआधी तिला खटखट आवाज आला, एकापाठोपाठ एक. माणसं वळताना स्कीवर स्की आपटतात तसा. आवाज थांबला तरी ती फोन हातात धरून उभीच राहिली.

“बस,” गंगूआत्या म्हणाली. “दादा, पाणी आण तिला. आणि पत्ते बघू नकोस माझे जाता जाता.”

पाळणा सुटला नाही. त्या दिवशी नाही, रविवारी नाही. सोमवारी शेजारच्या खोऱ्यातली दुसरीच एक टोळी तिथं आली आणि गाणी म्हणत पाळण्यातून खाली उतरून गेली. विकासनं त्यांच्या स्कीच्या रेघांचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली एकही शब्द लिहिला नव्हता. रेघा फार सुंदर होत्या, एकात एक गुंफलेल्या.

मंगळवारी सकाळी रेणू टेबलाशी बसून तो फोटो मोठा करून पाहत होती. समोर नाना घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते.

“म्हणजे तुझं चुकलं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“आज नाही, पण पुढं कळंल की.”

“नाही कळणार, नाना. ते गेले ती वाट दोन हात इकडे असती तर काय झालं असतं, हे कुणालाच कळणार नाही. एप्रिलमध्ये सगळं वितळून जाईल. सुटला असता तर मी बरोबर होते एवढं कळलं असतं. नाही सुटला तर काहीच कळत नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

नानांनी एक शेंग मोडली, तिचा दोरा काढला, बाजूला ठेवला. “अन् तरी तू बोललीस.”

“बोलावंच लागलं. सगळे थांबले होते.”

“हौ,” नाना म्हणाले. मग त्यांनी ताटली सरकवली आणि हात पुसले. “रेणू, मे महिन्यापासून या घरात काही घसरलं नाही. मी पण गप, तू पण गप, तो तिकडं हेमंत पण गप. मला वाटलं तुझ्याच मनात नाही, मग कशाला बोलायचं. त्याला वाटलं असंल तुझं नकोच आहे, फक्त तू म्हणेनास. अन् तुला काय वाटलं ते तू सांगितलंच नाहीस. रोज मी मोठ्यानं वाचायलो, शांत आहे म्हणजे पक्कं आहे असं समजू नये. वाचायलो, चष्मा पुसायलो, अन् जेवायला बसायलो.”

“नाना, तसं नाही—”

“थांब. रीत काय आहे? नवख्यानं आधी बोलायचं. तुम्हा दोघांच्या गोष्टीत सगळ्यांत नवखा मी. म्हणून मी आधी बोलतो.” त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. “माझं नक्को.”

रेणूला धक्का बसला. तो किती मोठा बसला याचंच तिला आश्चर्य वाटलं. एवढे महिने आपण पुरावा शोधत होतो तो हो म्हणण्यासाठीच, आपल्याला हो म्हणायचंच होतं, हे त्या एका क्षणात तिला कळून चुकलं. “हेमंतला?” तिनं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

“त्याला कशाला? पोरगा चांगला आहे, माझा पायजमा खराब केला तेवढं सोड. माझं नक्को तुझ्या इथं थांबण्याला. माझ्यासाठी थांबण्याला. मी नक्को म्हणलो, आता सगळे परत. अन् कारण विचारायचं नाही.”

“असं कसं? तुमची छाती, तुमची औषधं, रात्री—”

“कारण विचारायचं नाही! रीत आहे का नाही?” नाना ओरडले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून ते घाईघाईनं शेंगांच्या ताटलीत बघू लागले. “तरी सांगतो. मला फ्रीजर पाहिजे.”

ती हसली. हसता हसता तिनं तोंडावर हात धरला.

“गंगू यायला तयार आहे इथं,” ते ताटलीकडे बघतच म्हणाले. “आपली उशी अन् भांडी घेऊन. दसऱ्यालाच बोललो तिच्याशी. म्हणाली, पत्ते रोज खेळणार असलास तर येते. आता हिला रोज चोरू द्यायचं म्हणजे माझी परेशानीच आहे, पण ते मी बघतो.”

“दसऱ्याला? आणि मला आत्ता सांगताय?”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

“मला भीती वाटते, नाना,” रेणू म्हणाली. हे वाक्य तिनं आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. “तुमच्यासाठी वाटते, पण त्याच्यासाठी जास्त वाटते. मला सगळं माहीत असतं. तो कुठं उभा आहे, खाली काय आहे. ते माहीत असून रोज दार उघडून त्याला जाऊ द्यायचं.”

“ते तर तू आत्ताही करायलीस,” नाना हळू म्हणाले. “इथून करायलीस एवढंच.”

खाली रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला. रेणू उठली, तिनं फ्रीजर उघडला आणि डबा बाहेर काढला. भिंग न लावताच तिनं झाकण उघडलं, चिमूटभर कण तळहातावर घेतले. ते क्षणभर चमकले, एकमेकांपासून सुटे सुटे, आणि मग तिच्या हाताच्या उबेनं एका थेंबात मिसळून गेले. तिनं गरम पट्टीची वायर काढली, गुंडाळली, आणि रिकाम्या जागी नानांचं आइस्क्रीम ठेवलं.

दुपारी नेहमीच्या वेळी फोन आला. नाना आतल्या खोलीत आडवे झाले होते; दार त्यांनी मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं होतं.

“लिहून घेतेस?” हेमंत म्हणाला. “वरून खाली सांगतो. पहिला बोटभर ताजा, हलका. मग लादी, पेन्सिल जेमतेम घुसते इतकी कडक. त्याखाली तीच आपली साखर. जरा सावरतेय, पण अजून भरवसा नाही.” कागद उलटल्याचा आवाज आला. “विकासचा फोटो पाहिलास ना? मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही लावून घेतला.”

“मला तरी परत वळायला बरं वाटलं. तुला सांगायचं राहिलं होतं.”

“हेमंत,” ती म्हणाली, “तुमच्या रीतीत नको म्हणणाऱ्याला कारण विचारत नाहीत. हो म्हणणाऱ्याला विचारतात का?”

पलीकडे आज वारा नव्हता. तो तंबूत असणार, मांडीवर वही, हातात मोजे. आतल्या खोलीत नानांच्या पलंगाची करकर थांबली.

“नाही,” तो सावकाश म्हणाला. “कुणालाच नाही विचारत.”

“नानांचं बोलून झालंय. सगळ्यांत नवखे तेच होते. आता माझी पाळी.”

“बोल,” हेमंत म्हणाला. त्याचा आवाज फार जपून येत होता, कण भिंगाखाली धरताना श्वास जपतात तसा.

“हो,” रेणू म्हणाली. “मी येते.”